पंधरा इंची स्पीकर

आमच्या अंबरनाथच्या घरात एक अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं होतं. त्यात भात शिजत नसे, दूध तापत नसे. त्यात माझ्या बास गिटारच्या तारा उकळत. आज हे सांगितलं की लोक हसतात, पण तेव्हा नव्या तारांचा एक संच आणायचा म्हणजे मुंबईला जावं लागे आणि शिकवणीच्या दोन मुलींची महिन्याची फी त्यात संपे. बासच्या तारा जाड, वर तारेचंच वेटोळं गुंडाळलेलं. त्या वेटोळ्यांत बोटांचा घाम आणि मळ जाऊन बसतो आणि हळूहळू तारा मुक्या होतात. मग त्या काढायच्या, दहा मिनिटं खळखळ उकळायच्या, जुन्या धोतराच्या फडक्याने कोरड्या पुसायच्या आणि गॅलरीतल्या दोरीवर टांगायच्या. पुढचे दोन-तीन कार्यक्रम त्या नव्यासारख्या बोलत. पहिल्या वेळी मी आईचं चहाचं पातेलं न विचारता घेतलं होतं. तळाशी तपकिरी गाळ बसला आणि संध्याकाळच्या चहाला लोखंडाची चव आली. आईने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शैले, हे पातेलं आता तुझं. लग्नात घेऊन जा." दुसऱ्या दिवशी तिने चहासाठी नवं आणलं.

घर म्हणजे कंपनीच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. अप्पा कंपनीच्या टूलरूममध्ये अधिकारी होते. जिथे साचे आणि डाय बनतात, केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकावर भांडणं होतात, ती ही खोली. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की आई कुकरची शिटी मोजायची थांबे, कारण दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत. हवेत कायम कसला तरी वास असे, कधी रबराचा, कधी सडक्या अंड्यांसारखा, आणि वाऱ्याने दिशा बदलली की शेजारच्या पाटीलवहिनींच्या सुक्या जवळ्याचा. मला अजूनही जवळा भाजल्याचा वास आला की पहिल्यांदा ते घर आठवतं, मग भूक लागते. अप्पांची स्वतःची हत्यारं एका सागवानी पेटीत असत. एक फुटाची स्टीलची पट्टी, कानसी, मायक्रोमीटर आणि फीलर गेज, म्हणजे पातळ-पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, दोन वस्तूंमधली फट मोजायचा. सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. त्या पेटीला हात लावायचा नाही हे मला चालायला लागण्याच्या आधी कळलं असावं.

बास माझ्याकडे आली ती काळेकाकांमुळे. काळेकाका पोस्टात होते आणि संध्याकाळी एक वाद्यवृंद चालवत. गणपतीत, कंपन्यांच्या वार्षिक दिवसाला, क्वचित एखाद्या हळदीला कार्यक्रम होई. मी तिथे कोरसमध्ये गायला गेले होते. त्यांचा बास वाजवणारा आखातात नोकरीला गेला आणि गिटार खोलीच्या कोपऱ्यात पडून राहिली. मी तालमीच्या आधी ती उचलून एक-एक सूर काढत बसे. काकांनी दोन महिने बघितलं आणि मग म्हणाले, "चार तारा आहेत गं, सहा पण नाहीत. जमेल तुला." वर्षभराच्या बिदागीच्या बदल्यात ती गिटार माझी झाली. कलकत्त्याकडची कुठली तरी, कंपनीचं नाव खरवडून गेलेलं, रंग काळा, कडा उडालेल्या. आईला गाण्याचं काही नव्हतं, पण मुलगी खांद्याला पट्टा लावून, पाय किंचित फाकवून उभी राहणार हे तिला पटत नव्हतं. स्थळांना पाठवायच्या माझ्या माहितीत तिने 'छंद' ह्यापुढे 'संगीत' एवढंच लिहिलं होतं. अप्पांनी कधी नको म्हटलं नाही. पण कार्यक्रमालाही ते कधी आले नाहीत. रविवारी ते झोपत किंवा स्कूटर खोलून बसत.

बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं मी पाचवी ते सातवीच्या मुलींना गणित शिकवलं, महिन्याला तीन-चार कार्यक्रम केले आणि चार हजार रुपये जमवले. एवढ्यात काय घ्यावं हा प्रश्न माझ्या डोक्यात सहा महिने फिरत होता. माझ्या गिटारवर तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की एका कार्यक्रमानंतर डाव्या हाताची बोटं चमचा धरायला नकार देत. शिवाय मी वाजवत असे काकांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर. त्याच्यातला स्पीकर ताटलीएवढा, भाषणासाठी केलेला. खालचा सूर वाजवला की तो फाटक्या पत्र्यासारखा फुरफुरे. आता नवी गिटार घ्यावी, की स्पीकर, की आहे त्यातच तारांखालचं चुंबक, म्हणजे पिकअप, बदलून बघावं? परवा माझ्या भाचीने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कोणी तरुण कमी पैशांत बासचं कोणतं सामान आधी घ्यावं हे अर्धा तास समजावून सांगत होता. मी पूर्ण बघितला. आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि जे होते ते एकमेकांच्या उलट सांगत.

काळेकाका म्हणाले, "बाहेरचा माल घे. लोक आधी बघतात, मग ऐकतात. ह्या काळ्या ठोकळ्याने आपल्या ग्रुपची शोभा जाते." आणि त्यांनीच बातमी आणली की बदलापूरला कात्रपमध्ये एका बाईंकडे जपानी बास विकायची आहे, मालक बोटीवर असतो. किंमत नेमकी माझ्या पैशांएवढी.

दुसरं मत परसरामभाईंचं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत उघडे अ‍ॅम्प्लिफायर, आत टोकाला झूलेलालची तसबीर आणि तिच्याखाली परसरामभाई, हातात सोल्डरिंगची इस्त्री. मांडववाल्यांचे भोंगे, हॉटेलांचे टेपरेकॉर्डर, सगळं त्यांच्याकडे दुरुस्तीला येई. त्यांना स्वतःला एकही वाद्य येत नव्हतं. ते स्पीकरवर तळहात ठेवून ऐकत.

मी त्यांना माझं दुखणं सांगितलं. ते म्हणाले, "गिटार लायी है? दे." त्यांनी वायर काढली आणि कोणा मांडववाल्याच्या कपाटाएवढ्या पेटीला जोडली. "बजा."

मी सगळ्यात जाड तार छेडली. बोळातली धूळ हलली. माझ्या पोटात, बरगड्यांच्या खाली, काहीतरी दाबल्यासारखं झालं. तो सूर मोठा नव्हता, रुंद होता. मी हात काढून घेतला, तरी तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मी इतकी वर्षं ज्या गिटारला शिव्या घालत होते तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

"ये किसका आवाज है?" परसरामभाईंनी विचारलं.

"इस बॉक्स का."

"नहीं बेटी. ये तेरे गिटार का ही है. वो उस डब्बे में से निकल नहीं पाता. पंद्रह इंच का स्पीकर ले, बॉक्स मैं बनवा दूंगा, अ‍ॅम्प मैं बना दूंगा. गिटार बाद में देख."

हे एवढं स्पष्ट ऐकूनही मी कात्रपला जायचं ठरवलं. बावीस वर्षांच्या मुलीला पेटी नको असते, लाल गिटार हवी असते. एवढे पैसे घेऊन एकटीने जाऊ नये म्हणून आईने अप्पांना सोबत जायला लावलं. मे महिना होता. अप्पांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. कात्रपला तेव्हा भातखाचरांच्या मधे मधे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, प्लास्टर ओलं, जिन्यात वाळूचा ढीग. तिसऱ्या मजल्यावर त्या बाईंनी दार उघडलं, आम्हाला कोकम सरबत दिलं आणि पलंगाखालून एक लांब पेटी ओढून काढली. आत हिरव्या मखमलीत ती झोपलेली होती. डाळिंबी रंगाची, आरशासारखी. मी मांडीवर घेतली. बोट नुसतं ठेवलं की ती बोलत होती. मला आठवतं, मी हसत होते आणि मला ते कळत नव्हतं.

अप्पा इतका वेळ खुर्चीत सरबत पीत बसले होते. म्हणाले, "बघू का जरा?" आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली स्टीलची पट्टी काढली. मला लाज वाटली. भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर संशय घेणाऱ्या माणसासारखं ते मला वाटलं. त्यांनी गिटारची मान खिडकीकडे केली, पट्टी तिच्यावर उभी धरली, एक डोळा मिटला. मग पट्टी तिरकी धरली, मग दुसऱ्या कडेला. फीलर गेजचं एक पातं घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"जपानची आहे हो ती," बाई म्हणाल्या.

"उत्तम बनवलेली आहे. पण दोन-तीन पावसाळे पलंगाखाली पडली असेल ना?" अप्पा अगदी नम्रपणे म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. "इथून बघ. ह्या बाजूला पट्टीखालून उजेड दिसतो. त्या बाजूला नाही. मान पिळलीय. वाकली असती तर आतल्या सळईने सरळ करता आली असती."

"पण वाजतेय ना चांगली."

"आज वाजतेय." त्यांनी पट्टी पुन्हा फडक्यात गुंडाळली. "पैसे तुझे आहेत. तू ठरव."

मी गिटार पेटीत ठेवली आणि बाईंना म्हटलं, विचार करून कळवते. म्हणजे ठरवलं मीच, आणि राग मात्र अप्पांचा केला. परतताना त्यांनी रस्त्यात एका झाडाखाली स्कूटर थांबवून ताडगोळे घेतले. मला ताडगोळे फार आवडत. बाईने सोलून पानावर ठेवले, पाण्याने भरलेले, थंड. मी म्हटलं, "मला नकोत." त्यांनी एकही खाल्ला नाही. सगळे पिशवीत घालून स्कूटरच्या आकड्याला अडकवले आणि आम्ही घरी आलो. त्या गिटारचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कोणी तरी घेतली असेल आणि कदाचित जन्मभर छान वाजवली असेल. थोड्या पिळलेल्या मानेवर वाजवणारे किती तरी जण मला नंतर भेटले. पण त्या दिवशी माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. उजेड मला दिसला होता, आणि तो दाखवणाऱ्याला मी माफ करणार नव्हते.

आठ दिवस मी अप्पांशी बोलले नाही. आई ताट वाढताना आमच्यामध्ये निरोप पोचवत होती. "त्यांना विचार ताक हवं का," मी म्हणायची, आणि अप्पा दोन हातांवर बसलेले असत. पुढच्या रविवारी मी तारा उकळायला टाकल्या आणि अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर गॅलरीत सतरंजीवर अप्पा, त्यांच्या मांडीवर माझी काळी गिटार, बाजूला सागवानी पेटी उघडी.

"कोणाला विचारून घेतलीत?" आठ दिवसांनंतरचं माझं हे पहिलं वाक्य.

"तारा काढलेल्या होत्या. म्हटलं बघू." त्यांनी मान वर केली नाही. "शैला, ही कोणी बनवली ठाऊक नाही, पण लाकूड जुनं आहे आणि मान सरळ आहे. सुतासारखी. फक्त वरच्या ह्या धातूच्या पट्ट्या खालीवर आहेत. म्हणून त्याने तारा उंच ठेवल्यात, नाहीतर खडखड करतील. ह्या एका पातळीत आणल्या तर तारा खाली घेता येतील."

"किती दिवस लागतील?"

"तू मदत केलीस तर तीन रविवार."

त्यांनी ते काम कंपनीत नेलं नाही. तिथे यंत्रावर तासाभरात झालं असतं, आणि त्यांच्या हाताखालच्या कोणीही आनंदाने करून दिलं असतं. पण घरचं काम कंपनीच्या यंत्रावर करायचं नाही हा त्यांचा नियम होता आणि त्यावर ते बोलतही नसत. आम्ही दोघं गॅलरीत बसत होतो. मी प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर पेनने निळी शाई लावायची, ते सपाट दगड हलक्या हाताने फिरवत. जिथली शाई गेली तो उंचवटा, जिथे राहिली तो खड्डा. मग कानस, मग पॉलिश पेपर. वरून आईने वाळत घातलेल्या साड्यांचं पाणी आमच्या डोक्यावर पडत असे आणि ती म्हणत असे, "दुसरीकडे बसा की." दुसरीकडे उजेड नव्हता. दुसऱ्या रविवारी त्यांनी फीलर गेज माझ्या हातात दिलं. पातं फटीत सरकताना बोटाला जो किंचित अडथळा लागतो तो कसा ओळखायचा, हे मी त्या दिवशी शिकले. त्यांनी स्वतःबद्दलही बरंच सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. उमेदवारी करताना त्यांचा उस्ताद चुकीच्या मापाचा तुकडा खिडकीतून बाहेर फेकून देत असे आणि हे चाळीस फूट खाली उतरून तो परत आणत, कारण चूक कुठे झाली ते बघायचं असे. तिसऱ्या रविवारी त्यांनी भंगारवाल्याकडून आणलेल्या पितळेच्या तुकड्यातून, जिथून तारा मानेवर येतात ती खाचांची पट्टी घडवली. तारा चढवल्या. मी वाजवलं. बोटांना काहीच करावं लागत नव्हतं. मी सतरंजीवर बसून तासभर वाजवत होते आणि अप्पा हत्यारं पुसत होते.

आता पैसे शिल्लक होते. पेटी करायला अप्पा माझ्याबरोबर परसरामभाईंकडे आले. दोघांची पहिली भेट म्हणजे पाऊण तासाचं भांडण होतं. परसरामभाई अर्ध्या इंचाचं प्लायवुड म्हणत होते, अप्पा पाऊण इंचावर अडून बसले.

"साहब, वजन बढ़ जाएगा. लड़की उठाएगी कैसे?"

"हलेल ती पेटी. बाजू थरथरल्या तर आवाज तिथेच खर्च होणार. खर्च होगा, समझा क्या?" अप्पांची हिंदी अशी.

परसरामभाईंनी एका उघड्या पेटीच्या बाजूवर तळहात ठेवला, आत स्पीकर चालू केला, थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "ठीक है. पौना इंच. उठाएंगे आप."

पंधरा दिवसांनी टेम्पोने ती पेटी घरी आली. काळं रेक्झीन, समोर जाळी, कोपऱ्यांना पत्रा, खाली चाकं. सागवानी पलंग सोडला तर घरातली सगळ्यात मोठी वस्तू. आई म्हणाली, "हे काय, माझं कपाट आलं की काय?" मी जोडून पहिला सूर वाजवला तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी एकदम किणकिणली आणि पाटीलवहिनी बाहेर येऊन विचारायला लागल्या, भोंगा आज दुपारी का झाला.

आणि त्याच महिन्यात काळेकाकांच्या घरी तालमीला गेले तर खोलीच्या मधोमध स्टँडवर एक कीबोर्ड होता. काकांच्या मेहुण्याने आखातातून आणलेला. काका मला म्हणाले, "हे बघ गंमत," आणि डाव्या हाताचं एक बोट ठेवलं. ढोल सुरू झाला, झांज सुरू झाली आणि त्यांच्याखाली, अगदी तालात, एक गोल, स्वच्छ बास वाजायला लागली. ती चुकत नव्हती. तिला उकळावं लागत नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मीही वाजवल्या.

तालीम झाल्यावर काका मला दाराशी घेऊन गेले. भला माणूस, उगाच दाराची कडी चाळवत राहिले. "शैला, तुला आधीच सांगणार होतो. पण मलाच नक्की नव्हतं." आणि मग, "तू कोरसमध्ये ये ना परत. तुझा आवाज छान लागतो."

मी घरी आले तेव्हा अप्पा पेटीच्या चाकांचे स्क्रू आवळत होते. मी सांगितलं. ते आवळत राहिले. एक, दोन, तीन, चार. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "आमच्याकडेही परवा एक नवीन मशीन आलं. तिघांना दुसऱ्या खात्यात पाठवलं." सल्ला दिला असता तर बरं, असं मला वाटलं. चार हजार रुपये, दोन वर्षांचं गणित, तीन रविवार, सगळं त्या काळ्या पेटीत जाऊन बसलं होतं आणि पेटी आमच्या बाहेरच्या खोलीत. हळूहळू घराने ती आपली केली. आईने तिच्यावर क्रोशाचं कापड घातलं. दिवाळीत चकल्यांचे डबे तिच्यावर राहिले, पुढे पोह्याचे पापड वाळत पडले. स्थळं बघायला आलेली माणसं तिच्यावर चहाचे कप ठेवत. मी एका पतपेढीत नोकरीला लागले. गिटार पलंगाखाली गेली नाही, एवढंच. ती भिंतीवर टांगलेली राहिली, कारण पलंगाखाली ओल येते, असं अप्पा म्हणाले.

जानेवारीत एके दिवशी परसरामभाई स्वतः अंबरनाथला आले, घर शोधत. त्यांचा साडू उल्हासनगरमध्ये ऑर्केस्ट्रा चालवत होता. सिंधी लग्नं, मिसरी म्हणजे साखरपुडा, वाढदिवस. त्याचा बासवाला आजारी होता आणि येत्या रविवारी सकाळी एका हॉलमध्ये मिसरी होती. "उसके पास भी वो कीबोर्ड है," परसरामभाई म्हणाले, "लेकिन लाडे पे कीबोर्ड का बास नाचता नहीं. और दूसरी बात, बासवाले बहुत हैं, अपना बॉक्स किसी के पास नहीं." लाडा म्हणजे लग्नातली गाणी, हे त्यांनीच मला समजावलं. आई मधे म्हणाली, "आम्ही मुलीला असं कुठेही नाही पाठवत." परसरामभाई अप्पांकडे बघून म्हणाले, "साहब, पौने इंच का बॉक्स है. उठाएंगे तो आप ही."

अप्पांनी पेटीकडे बघितलं. मग आईला म्हणाले, "पापड काढून घे त्याच्यावरचे."

तो रविवार मला सकाळपासून आठवतो. हॉलच्या दाराशी तळलेल्या पकवानाचा वास होता, आत गुलाबपाण्याचा. अप्पांनी आणि टेम्पोवाल्याने पेटी स्टेजवर चढवली. अप्पांनी वायर जोडली, तिची दोन्ही टोकं त्यांनीच आदल्या दिवशी सोल्डर केलेली, आणि मग ते खाली उतरून शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले. माझ्यासाठी सगळी गाणी अनोळखी. पण ढोलकवाला म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवत होता आणि मी त्याच्या मानेच्या इशाऱ्यावर वाजवत होते. दोन-तीन गाण्यांनंतर मला कळलं की ही गाणी पुढे धावत नाहीत, गोल फिरतात, आणि खालचा सूर त्या वर्तुळाचा मधला खुंटा असतो. बायका उठल्या, मग पुरुष, हातात काठ्या, छेज म्हणजे त्यांचा टिपऱ्यांसारखा नाच सुरू झाला. नाचणाऱ्यांचं वर्तुळ मोठं होत होत स्टेजच्या पायरीपर्यंत आलं आणि कोणाच्या तरी पायात माझी वायर अडकली. पेटीच्या बाजूचं टोक निसटलं.

मी वाजवत होते आणि काही ऐकू येत नव्हतं. गाणं चालू होतं, नाच चालू होता, कोणाला काही पत्ता नव्हता. पंगत सुरू झाली होती, मागे लोक जेवत होते. मी वर बघितलं तर शेवटच्या रांगेत अप्पा उभे राहिले होते. हातात कढी-भाताचं ताट. त्यांनी ते खुर्चीवर ठेवलं आणि नाचणाऱ्यांच्या मधून, काठ्या चुकवत, माफी मागत, सरळ पेटीपाशी आले. टोक उचललं, उजेडात धरून सोल्डर बघितलं, ते शाबूत होतं, आणि आत बसवलं. धप् असा आवाज झाला आणि सूर परत आला. ढोलकवाला हसला. अप्पा पुन्हा खाली गेले नाहीत. पेटीच्या मागे स्टूल घेऊन बसले, एक हात वायरवर, कार्यक्रम संपेपर्यंत.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही घरी पोचलो. आई दारातच होती. पेटी आत येईपर्यंत तिने दार धरून ठेवलं. मग अप्पांना म्हणाली, "कसं झालं?"

"कढीत भेंडी घालतात आणि गवारसुद्धा. चांगली लागते."

"अहो, हिचं कसं झालं?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "मधे वायर निघाली," ते म्हणाले. "गाणं चालूच होतं, सगळे नाचतच होते. पण खालचं काहीतरी गेलं. माझा घास हातातच राहिला."

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला त्यातून चांगलं की वाईट ते कळलं नसावं. मला कळलं होतं, पण काय करावं सुचेना, म्हणून मी गिटार पुसायला घेतली. परसरामभाईंच्या साडूने निघताना पुढच्या रविवारचं विचारलं होतं आणि मी घरी विचारून सांगते म्हणाले होते. ते मी अजून घरी सांगितलंही नव्हतं. अप्पांनी ते ऐकलेलं असावं. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, खिशातली पेन्सिल काढली आणि पुढच्या रविवारच्या चौकोनात, टूलरूममध्ये लिहीत त्याच बारीक सरळ अक्षरांत लिहिलं: 'शैला, कॅम्प चार, सकाळी अकरा.' मग थोडं वाकून, उरलेल्या जागेत, खाली आणखी एक शब्द लिहिला: 'दोघे.'